सर्व्हर नंतर घ्या, आधी दुसरी डिस्क घ्या

गेल्या महिनाभरात निदान दहा-बारा जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "फोन भरलाय, गूगलचं स्टोरेज भरलंय, सारखे पैसे मागतंय. घरीच सर्व्हर बसवायचा तर स्वस्तात काय घ्यावं?" विचारणाऱ्यांत एक फोटोग्राफर आहे, दोन शिक्षक आहेत, एक सोसायटीचे सचिव आहेत आणि एका तालीम मंडळाची पोरं आहेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा हे बघू की प्रश्न आत्ताच का आला. १ जून २०२१ पर्यंत गूगल फोटोजमध्ये थोडी गुणवत्ता कमी करून हवे तितके फोटो फुकट ठेवता यायचे. त्या दिवसापासून ते सगळं १५ जीबीत मोजायला लागलं. त्याच १५ जीबीत मेल आणि त्यातच ड्राइव्ह. पुढं अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरायला सुरुवात झाली. शिवाय दोन वर्षं ज्या खात्यात कुणी गेलं नाही ते खातं काढून टाकण्याचं धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. म्हणजे एखाद्या घरातले आजोबा गेले, त्यांच्या फोनचं खातं तसंच पडून राहिलं, तर फोटोही गेले. कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही. जागा तिची, नियम तिचे. आपण भाडेकरू. भाडेकरूनं घरमालकाच्या नियमाची तक्रार करत बसू नये, पण आपले महत्त्वाचे कागद दुसरीकडंही ठेवावेत.

यात सार्वजनिक प्रश्न काय, असं कुणी विचारेल. सांगतो.

शिरवळचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास कुठंय? एमआयडीसी वाढली, हायवे चौपदरीचा सहापदरी झाला, नीरेला पूर आले, खंबाटकीच्या एस वळणावर किती अपघात झाले, ग्रामसभेत कोण काय बोललं. यातलं वर्तमानपत्रात छापून आलं ते चार ओळी आणि एक फोटो. बाकीचं सगळं कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये आहे, नाहीतर मेमरी कार्डात. फोन बदलला, कार्ड खराब झालं, की गावाच्या आठवणीचा एक तुकडा गेला. त्याची बातमीसुद्धा होत नाही.

एक उदाहरण देतो, नावं टाळून. आपल्याच तालुक्यातल्या एका गावात २०१७ साली रस्त्यासाठी जमिनीची मोजणी झाली. मी बातमीला गेलो होतो, चाळीसेक मिनिटांचं शूटिंग केलं. मोबदल्याच्या यादीत एका शेतकऱ्याची विहीर आली, पण बांधावरची आंब्याची झाडं आलीच नाहीत. झाडं नव्हतीच, असं संबंधित खात्याचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा पुतण्या माझ्याकडं आला. त्याच्याकडं माझ्याच व्हिडिओची व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेली कॉपी होती. त्यात झाडं म्हणजे नुसता हिरवा डाग. माझ्याकडच्या मूळ फाईलमध्ये मात्र झाडं मोजता येतात, मोजणीची माणसं शेजारी उभी दिसतात आणि फाईलच्या पोटात कॅमेऱ्यानं टाकलेली तारीख आणि वेळ आहे. निकाल अजून लागायचाय, पण निदान बोलायला तोंड आहे.

हे कायद्याच्या बाजूनंही समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या ६३ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्या नमुन्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. फाईलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान करतं, म्हणजे ती फाईलच वेगळी झाली. म्हणून मूळ फाईल, जशी कॅमेऱ्यातून आली तशी, कुठंतरी जपून असणं हा हौसेचा भाग राहिलेला नाही.

आता "मग सरकारनं ठेवावं की" असं म्हणणाऱ्यांसाठी. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा माणसं तर गेलीच, फायलींचे ढीगही गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला आणि तिथल्या दीडशे वर्षांच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं चिखलात गेली. तुम्ही म्हणाल, ते कागद होते. तर दक्षिण कोरियाचं बघा. तंत्रज्ञानात जगाच्या पुढं असलेला देश. सप्टेंबर २०२५ मध्ये डेजॉन शहरातल्या त्यांच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवायची ८५८ टीबीची साठवण खाक झाली. तिची दुसरी प्रत दुसरीकडं नव्हतीच. इतका मोठा डेटा आहे, त्याची प्रत ठेवणं जमत नाही, असं कारण दिलं गेलं.

या तिन्ही ठिकाणी यंत्र किती महागाचं होतं याला काही अर्थ उरला नाही. प्रश्न एवढाच होता, की दुसरी प्रत कुठंय? घरच्या सर्व्हरचं सगळं शहाणपण मला तरी याच एका प्रश्नात दिसतं. बजेट कितीही असू दे, पैसे आधी दुसऱ्या प्रतीवर घाला, उरले तर यंत्रावर.

म्हणून पहिला सल्ला तुम्हाला आवडणार नाही. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना सर्व्हर लागतच नाही. घरचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, कागदपत्रांची स्कॅन मिळून दोन टीबीच्या आत असेल, तर दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. दोन्हींवर तेच टाका. एक घरी, एक बहिणीकडं नाहीतर सासुरवाडीला. सहा महिन्यांनी अदलाबदल करा. लाईटबिल शून्य, डोक्याला ताप शून्य. सर्व्हर त्यांनी घ्यावा ज्यांच्या फायली एकापेक्षा जास्त माणसांना, रोज आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून लागतात. फोटो स्टुडिओ, पत्रकार, मंडळ, शाळा, सोसायटी. किंवा ज्या घरात पाच फोन आहेत आणि पाचही जण "जागा नाही" म्हणून ओरडतायत.

त्यांच्यासाठी आता यंत्र. चार पर्याय आहेत.

पहिला, तयार डबा. सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे कंपन्यांचा. डिस्क घालायच्या आणि सुरू करायचं. सोपं आहे, पण रिकाम्या डब्याचीच किंमत मोठी, डिस्क वेगळ्या. वर कंपनीचा लगाम असतोच. सिनॉलॉजीनं २०२५ च्या काही मॉडेलमध्ये आपल्या यादीतल्याच डिस्क चालतील अशी अट घातली होती. लोकांनी आरडाओरडा केल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती सैल केली.

दुसरा, रास्पबेरी पाय. पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक, वीज अगदी कमी खातो. पण नुसता बोर्ड घेऊन भागत नाही. चांगला अडॅप्टर, डबी, कार्ड, डिस्कसाठी वेगळा पॉवर असं जोडत गेलं की बेरीज सेकंडहँड पीसीच्या जवळ जाते. आणि मेमरी कार्डावर रात्रंदिवस लिहीत राहिलं की ते कधीतरी दगा देतं.

तिसरा, घरातला जुना लॅपटॉप. याला बॅटरी असते, म्हणजे यूपीएस अंगातच. शिकायला उत्तम. पण बॅटरी फुगलेली असेल, टचपॅड वर आलं असेल, तर तो चोवीस तास चालू ठेवू नका. आग लागते.

चौथा, आणि मी घेतलेला, कंपन्यांतून निघालेला ऑफिसचा पीसी. आयटी कंपन्या भाडेकरार संपला की शेकड्यानं पीसी काढतात. त्यात भर अशी, की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळं सहाव्या-सातव्या पिढीची चांगली धडधाकट यंत्रं कंपन्यांच्या लेखी भंगार झाली. आपल्याला विंडोज लागतंय कुठं? त्यावर लिनक्स मजेत चालतं. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही नावं लक्षात ठेवा. आय-फाईव्ह प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम घरच्या कामाला भरपूर झाली.

घेताना एक गोष्ट बघा. यांत आकार असतात. अगदी छोटा, पुस्तकाएवढा येतो तो दिसायला गोड, वीजही कमी खातो, पण त्यात लॅपटॉपची छोटी डिस्कच बसते. त्याच्यापेक्षा थोडा मोठा, आडवा डबा येतो, त्यात साडेतीन इंची मोठी डिस्क आत बसते. फायली साठवायच्या असतील तर हाच घ्या. आणि कृपा करून माळ्यावरचा पंधरा वर्षं जुना टॉवर "फुकटात आहे" म्हणून चालू करू नका. त्याचा हिशेब खाली देतो.

आता डिस्क. इथं खरे पैसे घालायचे. डिस्कमध्ये दोन जाती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून सतत लिहायच्या कामाला ती हळू पडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं एनएएससाठी म्हणून विकलेल्या रेड डिस्कमध्येच ही पद्धत वापरल्याचं उघड झालं आणि मोठा गोंधळ झाला. तेव्हा मॉडेल नंबर घ्या, कंपनीच्या माहितीपत्रकात सीएमआर लिहिलंय का बघा, मगच पैसे द्या. आपल्याकडं सीसीटीव्हीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्क चोवीस तास चालायलाच बनवलेल्या असतात. मी तीच घेतली, मॉडेल तपासून. दुकानदार ओळखीचा, वॉरंटीचं बिल हातात.

ऑनलाईन "१६ टीबी पेन ड्राइव्ह, फक्त १४९९" दिसलं तर पुढं जा. त्यात आत छोटीशी चिप असते आणि ती १६ टीबी असल्याचं खोटं सांगते. तुम्ही भरत जाता, जुनं पुसलं जातं, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. सेकंडहँड डिस्क तर मूळ फायलींसाठी घेऊच नका. पीसी जुना चालतो, डिस्क नवी हवी.

लाईट. आपल्याकडं देखभालीला लाईट जाते, वळवाच्या पावसात जाते, आणि कधी नुसतीच जाते. डिस्क लिहीत असताना झटक्यात बंद पडणं तिला मानवत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर टाकला तरी बदलाच्या त्या क्षणात काही पीसी रीस्टार्ट होतात. म्हणून छोटा यूपीएस लागतोच, आणि शक्यतो यूएसबी वायर असलेला. ती वायर पीसीला सांगते, बॅटरी संपत आलीय, आणि पीसी स्वतःहून नीट बंद होतो. लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग पीसीच्या बायोसमध्ये असते, तेवढी लावून घ्या.

इंटरनेटचं थोडक्यात. आपल्या बहुतेक ब्रॉडबँड कनेक्शनमध्ये बाहेरचा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळं बाहेरून थेट आपल्या पीसीपर्यंत येता येत नाही. लोक मग राउटरमध्ये भोकं पाडायच्या मागं लागतात. करू नका. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या घरगुती डब्यांवरचा डेटा लोक झोपेत असताना बाहेरून पुसला गेला. त्या डब्यांना २०१५ नंतर अपडेटच मिळालेले नव्हते. टेलस्केलसारखी खासगी बोगद्याची सोय वापरा, आपले चार-पाच फोनच आत येतील. फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, फोटोंसाठी इमिच. दोन्ही फुकट, दोन्हींचं कोड जगासमोर उघडं. अपडेट मात्र वेळेवर करायचे, ही पिकाला पाणी देण्यासारखी नियमित गोष्ट आहे.

आता माझा हिशेब, जसा वहीत आहे तसा. पीसी ९,०००. आतली ४ टीबी डिस्क ९,५००. बाहेरची ४ टीबी डिस्क १०,५००. यूपीएस ३,५००. एकूण ३२,५००. भाव रोज बदलतात, मी घेतलं तेव्हाचे हे आकडे. वीज मीटर लावून मोजली तर सरासरी २४ वॅट. महिन्याला सतरा युनिट. युनिट दहा रुपये धरा, महिन्याला पावणेदोनशे, वर्षाला दोन हजारांच्या वर. तो जुना टॉवर ६५ वॅट खातो, म्हणजे महिन्याला पावणेपाचशे. फुकटचं यंत्र वर्षाला साडेतीन हजार जास्त घेतं, तीन वर्षांत चांगला पीसी आला असता.

आणि भाड्याची जागा? मी हिशेब मांडला तेव्हा गूगलचा २ टीबीचा प्लॅन वर्षाला ६,५०० होता. पाच वर्षांचे ३२,५००. म्हणजे माझं सामान तेवढ्याचंच, वर पाच वर्षांची वीज दहा हजार. नीट वाचा, घरचा सर्व्हर मला स्वस्त पडला नाही. जागा दुप्पट मिळाली हे खरं, पण "पैसे वाचतात" म्हणून कुणी बसवणार असेल तर थांबा. पैसे मी यासाठी घातले, की मला बातमी सांगणाऱ्या माणसाचा कागद, त्याचा आवाज, कुणाच्या तरी जागेत भाड्यानं पडून नको. आणि माझं मानधन दोन महिने थकलं तरी २०१७ ची मोजणी माझ्याकडं राहिली पाहिजे.

दुसऱ्या प्रतीकडं परत येतो. ३-२-१ म्हणून एक नियम आहे, तो रूढ केला पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरनं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. एका डब्यात दोन डिस्क घालून आरसा करण्याला बॅकअप समजू नका. चुकून पुसलं तर आरशातलंही पुसतं, चोरी झाली तर दोन्ही जातात, नीरेचं पाणी घरात आलं तर दोन्ही भिजतात. माझी बाहेरची डिस्क दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरते आणि नातेवाईकांकडं जाते, वरच्या मजल्यावर. अगदी मोजक्या, जीव की प्राण फायलींची तिसरी प्रत कुलूपबंद करून त्याच भाड्याच्या क्लाउडवर, १०० जीबीच्या छोट्या प्लॅनमध्ये. भांडण क्लाउडशी नाहीच, फक्त एकट्या क्लाउडवर विसंबायचं नाही.

पत्रकार मित्रांसाठी एक वेगळी सूचना. आपले २००५-१० चे मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. डिस्क टिकेल, पण फॉन्ट गेला तर बातमीचा नुसता चिन्हांचा भुसा दिसेल. फॉन्टची फाईल सोबत ठेवा आणि हळूहळू युनिकोडमध्ये करून घ्या. आणि पासवर्ड एका कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. आपल्यामागं उघडता आलं नाही तर जपलं काय आणि गमावलं काय, सारखंच.

शेवटी गावासाठी. एकेकट्यानं ३२ हजार घालण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून एक यंत्र वाचनालयात ठेवलं आणि दुसरी प्रत शाळेत, तर काय बिघडतं? मंडळांचे जुने फोटो, ग्रामसभांचे व्हिडिओ, पुराचे, रस्त्याचे, जुन्या बाजारपेठेचे. नीरेकाठच्या सुभानमंगळ गढीची आज काय अवस्था आहे, तेही एकदा नीट टिपून ठेवावं. कुणाचं खासगी त्यात घालायचं नाही आणि ज्याचा फोटो त्याचं नाव राहील, एवढे दोन नियम पुरेत. वाचनालयाच्या मंडळींशी मी बोलतोय. जागा आणि लाईट मिळाली तर यंत्र लावून द्यायचं काम माझं.

तोवर एवढं करा. या रविवारी फोनमधले मूळ फोटो आणि व्हिडिओ वायर लावून एका डिस्कवर उतरवा. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवू नका, वायरनंच. मग तीच डिस्क दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि दुसरी घराबाहेर द्या. कुणाकडं २०१९ च्या पावसाळ्यातले नीरेच्या पुलाचे मूळ व्हिडिओ असतील तर कमेंटमध्ये नुसतं "आहेत" लिहा, मी फोन करतो.